भाता

काचेची सुरी मीच फोडते, रोज सकाळी.
कालची धार आज चालत नाही.
उंदीर क्रमांक सतरा, एकविसावा दिवस,
रेझिनच्या ठोकळ्यात तिळाएवढा उरलेला.
मी त्याचे काप काढते, इतके पातळ
की पाण्यावर ते रंगावरूनच ओळखायचे.
रुपेरी आला तर ठेवायचा.
सोनेरी चालवून घ्यायचा.
जांभळा जाड, टाकून द्यायचा.

कांपिनासचा जुलै कोरडा.
कुठेतरी उसाचा फड जाळतायत,
खिडकीच्या चौकटीवर काजळी,
पुसली की पुन्हा.

अंधाऱ्या खोलीत, हिरवट पडद्यावर, स्नायूची पेशी.
धडधाकट उंदराची मला पाठ आहे:
लांब, नितळ, चातीच्या आकाराची,
प्रोस्टेटच्या नळीला मिठी घालून बसलेली.
तिला पोसणारा निरोप रक्तातून यायचा.
तो एकवीस दिवसांपूर्वी बंद झाला.
आम्हीच केला.

आता तिच्या कडांना काटे आहेत.
काटे नव्हेत, डॉक्टर वाल्देते म्हणतात, नीट बघ.
आतला ऐवज आटला, पडदा होता तेवढाच राहिला.
चुण्या आहेत त्या. मोज.

मी मोजते.
मला भाता दिसतो, अकॉर्डियनचा,
मिटून ठेवलेला.

बाबा अकॉर्डियन दुरुस्त करतात. पिरासिकाबात
त्यांना सगळे सेउ ओतासिलियू म्हणतात.
दर तीन महिन्यांनी त्यांच्या पोटात सुई टोचतात,
तोच निरोप थांबवायला,
कारण गाठही त्याच्यावरच पोसते.
नर्स म्हणाली, मुंगी चावल्यासारखं होईल.
ते म्हणाले, कुठली मुंगी, ते आधी सांग.

हल्ली भर जेवणात त्यांना घाम फुटतो.
ताट सारून ते अनवाणी उभे राहतात
मोरीजवळच्या गार सिमेंटवर.
तुझ्या आईला असंच व्हायचं, एकदा म्हणाले,
मी हसायचो तिला.
मग बराच वेळ नळ सोडून ठेवला.

दंड उतरलेत. एकशे वीस बटणांचं धूड
आता ते उचलत नाहीत,
मांडीवर ठेवून द्यायला सांगतात.

उंदीर म्हणजे बाबा नव्हेत.
उंदराला गाठ नव्हती.
उंदराला कुणी विचारलंही नव्हतं.
हे मी बसमध्ये स्वतःला सांगते,
दर शुक्रवारी, त्याच वळणावर.

आणखी एक, जे वहीत लिहिलंय पण घरी बोलले नाही:
शेजारच्या, रस करणाऱ्या पेशी
बहुतेक गेल्या.
ही गेली नाही.
आवळण्याचं काम सुटलं, तशी
चाती आपल्या नावाला जागली,
सूत कातत बसली,
आणि तिच्याभोवती त्या सुताचा नुसता गुंता.

रविवारी बाबा जाबुतिकाबाच्या झाडाखाली होते,
भाता सुटा करून, सरसाचं भांडं पायाशी.
तुझे उंदीर काय म्हणतात?
चुण्या पडल्यात, बाबा.
त्यांनी घडीतून बोट फिरवलं, शेवटपर्यंत.
चुणीला काही होत नाही गं.
हवा जाते ती कोपऱ्यातून.
कोपरे बघितलेस?

नव्हते बघितले.

सोमवारी पाहिले. चुणीच्या टोकाटोकाला
एकेक काळा ठिपका,
आणि प्रत्येक ठिपक्याशी पेशीनं
बाहेरचा धागा धरून ठेवलेला.
कुठे सुटलाय का म्हणून शोधत राहिले.
दोन ठिकाणी सुटला होता.
तेही लिहिलं.

अठरा क्रमांकाला तो निरोप परत दिला होता,
शेवटचे दहा दिवस.
बाबांना देणार नाहीत.
अठराचा ठोकळा अजून तसाच आहे, डबीत,
वर माझ्याच अक्षरात आकडा.

काच घेते.
रेघ मारते.
दोन्ही हातांनी दाबते, हळू,
कट् आवाज येईपर्यंत.